प्रारंभिक वाचन : लिपी उलगडणे
लिखित चिन्हाची उच्चाराशी सांगड घालून शब्द वाचण्याचे कौशल्य. देवनागरी शिकताना मुलाला मुळाक्षरांबरोबर काना, मात्रा, वेलांटी, उकार व जोडाक्षरेही आत्मसात करावी लागतात. अडखळणारी मुले घ–ध, भ–म अशा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत गफलत करतात. ‘कि’मधील वेलांटी आधी लिहितात, पण तिचा उच्चार नंतर होतो; ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर असूनही आधी उच्चारला जातो. अशा जागी ती हमखास अडतात. काही मुले ‘क-म-ल’ सुटे म्हणतात, पण शब्द जुळवू शकत नाहीत.

अक्षरगट पद्धतीत सगळी बाराखडी पाठ होईपर्यंत थांबत नाहीत. क, म, न, ल आणि काना एवढ्यावरच काम, नाक, मान, लाल, कमान हे शब्द वाचता-लिहिता येतात. पुढचा गट त्यानंतर. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेली ‘प्रथम’ संस्था मुलांचे गट इयत्तेऐवजी वाचनपातळीनुसार करते. तिच्याशी संलग्न ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचन तपासते. उलगडण्याच्या सरावाला गप्पागोष्टी व अर्थपूर्ण मजकुराची जोड मिळाली, तरच मूल खऱ्या अर्थाने वाचक होते.