मोरोपंतांचा बॅकअप

मोरोपंतांनी बारामतीत बसून किती लिहिलं हे ऐकलं की आपल्यासारख्या कोड खरडणाऱ्याला घामच फुटतो. रामायणंच म्हणे १०८! त्यातलं 'निरोष्ठ रामायण' तर असं की ओठाला ओठ लावावा लागेल असं अक्षरच त्यात नाही. १७२९ साली पन्हाळ्याला जन्म, पुढे पेशव्यांचे नातेवाईक सावकार बाबूजी नाईक यांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी बारामतीत मुक्काम, आणि तिथेच १७९४ मध्ये देह ठेवला. विल्यम कॅरीने श्रीरामपूरला (बंगालमधलं हो, आपलं बेलापूरजवळचं नव्हे!) मराठीचं व्याकरण छापलं ते १८०५ साली. थोडक्यात, पंतांनी जन्मभर लिहिलं आणि स्वतःची एक ओळही छापलेली पाहिली नाही.

मग ते आपल्यापर्यंत आलं कसं? लोकांनी उतरवून घेतलं म्हणून. कीर्तनकाराला आर्या हवी, त्याने आपल्या बाडात लिहून घेतली. दुसऱ्याने त्याच्यावरून उतरवली. १८५४ मध्ये परशुरामतात्या गोडबोल्यांचं 'नवनीत' छापून आलं, तोवर मधली साठ वर्षं हा सगळा कारभार हाताने चालला होता. कुणी 'बॅकअप' म्हणून हे केलं नाही. आवडलं, पुन्हा लागेल असं वाटलं, म्हणून स्वतःजवळ ठेवलं, एवढंच.

आता आपलं बघा. आवडलं की आपण काय करतो? बुकमार्क! म्हणजे बाड शेजारच्या गावात कुणाच्या तरी माडीवर आहे आणि आपल्याकडे फक्त त्या घराचा पत्ता.

आणि घरं पडतात की राव. जिओसिटीजवर एकेकाळी लोकांनी हौसेने पानं बांधली होती, याहूने ती वस्ती २६ ऑक्टोबर २००९ ला मोडली. जेसन स्कॉट आणि त्याच्या 'आर्काइव्ह टीम'च्या उत्साही मंडळींनी रात्रंदिवस बसून जमेल तेवढं उतरवून घेतलं, पुढच्या वर्षी सहाशे जीबीच्या वरचा तो गठ्ठा टोरंटवर ठेवला. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. आपल्या पिढीच्या दादा-ताईंचे स्क्रॅप्स, मराठी कम्युनिट्यांमधली ती हमरीतुमरी... गूगलने स्वतःचं सामान उतरवून घ्यायला सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत दिली होती. किती जणांनी घेतलं? मग याहू ग्रुप्स. २०१९ च्या ऑक्टोबरात जाहीर केलं, २०२० च्या डिसेंबरात कायमचं कुलूप.

लक्षात घ्या, तिन्ही वेळा नोटीस होती. उजनी धरणाच्या वेळी इंदापूर तालुक्यातल्या गावांनाही होती. भीमेचं पाणी चढलं तसं पळसदेव गाव उठून सोलापूर रस्त्याकडे आलं, उचलता येण्यासारखं होतं ते माणसांनी सोबत आणलं. पळसनाथाचं दगडी देऊळ मात्र पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात उजनी फार खाली गेली की ते वर येतं, २०२४ मध्ये आलं होतं तसं, आणि मग फोटो काढायला झुंबड उडते. पळसदेवकरांना निदान आपलं गाव बुडतंय हे कळलं तरी होतं. आपली नोटीस जाते कुठे, तर कॉलेजात असताना उघडलेल्या आणि पासवर्ड विसरलेल्या मेलवर!

'पण इंटरनेट आर्काइव्ह आहे ना?' आहे, आणि ब्रूस्टर काह्लेने १९९६ मध्ये ते सुरू केलं म्हणून त्याचे आभार मानावे तेवढे थोडेच. त्यातलं वेबॅक मशीन २००१ पासून सगळ्यांना खुलं आहे. २०१३ पासून तर एखादा दुवा देऊन 'हे पान आत्ता जतन कर' असंही सांगता येतं. जरूर सांगा. पण लॉगिनच्या आतलं त्याला दिसत नाही, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात सायबर हल्ल्यामुळे ते स्वतःच काही दिवस बंद पडलं होतं. म्हणून एक प्रत आपल्या मशीनवर हवीच.

नवशिक्यांसाठी सांगतो, यात इंजिनिअरिंग काही नाही. पान उघडा, कंट्रोल-एस दाबा. ब्राउझर विचारेल, 'कम्प्लीट' की 'सिंगल फाइल'. कम्प्लीट घेतलंत तर फाइलशेजारी त्याच नावाचं एक फोल्डर तयार होतं, चित्रं त्यात असतात. लोक नुसती फाइल पेनड्राइव्हवर नेतात आणि मग चित्रं गेली म्हणून बोंब मारतात. सिंगल फाइलमध्ये सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं असतं, तीच घ्या. नुसतं वाचायचंच असेल तर प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ करा. फाइलच्या नावात तारीख टाका, आणि मूळ दुवा कुठेतरी लिहून ठेवा. अख्खं संकेतस्थळ हवं असेल तर एचटीट्रॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर १९९८ पासून आहे. फक्त बाहेरच्या दुव्यांवर किती खोल जायचं ते आधी ठरवून द्या, नाहीतर ते अर्धं इंटरनेट घरी घेऊन येतं. आणि दुसऱ्याचं लेखन स्वतःच्या वाचनासाठी ठेवायचं, आपल्या नावाने परत छापायला नाही, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

मराठीत मात्र एक जास्तीची भानगड आहे, ती इंग्रजीवाल्यांना कळणार नाही. युनिकोड रुळण्याआधी आपली वर्तमानपत्रं आणि कित्येक संकेतस्थळं ज्याचा त्याचा फाँट वापरायची. पडद्यावर 'क' दिसायचा, पण फाइलमध्ये असायचं कुठलंतरी रोमन अक्षर किंवा चिन्ह. त्या काळात कुणी हौसेने सेव्ह केलेली पानं आज उघडली तर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. मोडीच्या दप्तरासारखंच झालं हे: कागद शाबूत, वाचणारा शोधत फिरा. पण फाइल असेल तर निदान आशा आहे. फाँट कोणता होता ते ओळखता आलं की एका अक्षराला दुसरं लावणारा कन्व्हर्टर मिळतो, नाही मिळाला तर एखाद्या रविवारी बसून लिहिता येतो. जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी तेवढी छळतात, कारण जुन्या फाँटांत वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडात ती नंतर साठवतात. तुमच्या जुन्या सीडीवर अशी पानं पडली असतील तर फेकू नका. आणि फाँटची फाइल शेजारीच सापडली, तर ती आधी कॉपी करा.