नोहाचें तारूं आणि निनवेच्या मातीच्या पाट्या

नोहाच्या तारवाची गोष्ट आपणांपैकीं बहुतेकांनीं केव्हांना केव्हां तरी ऐकली असेल. मनुष्यांच्या दुष्टपणाला विटून परमेश्वर पृथ्वी जलमय करण्याचें ठरवितो. एका नीतिमान् पुरुषाला मात्र आधीं सूचना देतो. तो तीन मजली तारूं बांधून त्यांत आपलें कुटुंब व प्राण्यांच्या जोड्या घेतो, आणि पूर ओसरूं लागल्यावर पक्षी सोडून जमीन उघडी पडली कीं काय याचा शोध घेतो. आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल समाजानें तर एकोणिसाव्या शतकांत बायबलांतील आख्यानांवर मराठींत कीर्तनें केलीं. एकच आख्यान दोन कीर्तनकारांनीं लावलें, तर कथा तीच राहूनही रंग निराळा चढतो, हें आपणांला सांगावयास नको. ही गोष्ट लक्षांत ठेवूनच आज नोहाच्या कथेकडे पाहूं.

सांप्रतच्या इराकांत मोसल शहरासमोर तैग्रिस नदीच्या पैलतीरावर कुयुंजिक नांवाचें एक टेकाड आहे. त्याच्या पोटांत असुरांची राजधानी निनवे गाडलेली होती. इ. स. पूर्वीं सातव्या शतकांत तेथें असुरबनिपाल नांवाचा राजा होऊन गेला. त्याला ग्रंथसंग्रहाचा मोठा नाद. ग्रंथ म्हणजे मातीच्या पाट्या. ओल्या मातीवर बोरूच्या टोकानें खुणा उमटवावयाच्या व पाटी वाळवावयाची. इ. स. पूर्वीं ६१२ सालीं शत्रूंनीं निनवे जाळिलें. आगींत कागद भस्म होतो, पण माती भाजून पक्की होते. शत्रूनें लावलेल्या आगीनेंच त्या ग्रंथालयाला दीर्घायुष्य दिलें! इंग्रज संशोधक लेयार्ड यानें १८५० च्या सुमारास आणि मूळचा मोसलचाच असलेला होर्मुझ्द रस्साम यानें १८५३ सालीं या पाट्या उकरून काढिल्या. लहानमोठे मिळून ३०,००० हून अधिक तुकडे लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें येऊन पडले, पण ते वाचणार कोण?

वाचणारा निघाला तो कोणी पंडित नव्हता. जॉर्ज स्मिथ हा चौदाव्या वर्षीं शाळा सोडून नोटांचे ठसे कोरणाऱ्या छापखान्यांत उमेदवारी करूं लागलेला गरीब मुलगा. दुपारच्या सुटींत तो म्यूझियममध्यें जाऊन बसे. बारीक रेघा ओळखण्याची धंद्यांत कमावलेली नजर त्याला येथें उपयोगी पडली. कोणता तुकडा कोणत्या तुकड्याला जुळतो हें त्याच्याइतकें कोणालाच साधेना. अखेर म्यूझियमनें त्याला नोकरींत घेतलें. १८७२ च्या नोव्हेंबरांत एका तुकड्यावर त्याला डोंगराला लागलेल्या नावेचा उल्लेख सांपडला, आणि पुढें जमिनीच्या शोधार्थ सोडलेलें एक कबूतर. पाटीवर चुन्यासारखा थर बसला होता. तो साफ करून मिळेपर्यंत स्मिथला दम निघेना, आणि मजकूर वाचल्यावर तर त्यानें आनंदाच्या भरांत अंगावरचे कपडेच काढण्यास सुरुवात केली, अशी हकीकत सांगतात. ३ डिसेंबर १८७२ रोजीं त्यानें हा शोध लंडनच्या एका विद्वत्सभेपुढें वाचून दाखविला. श्रोत्यांत मुख्य प्रधान ग्लॅडस्टन स्वतः होते.

पाटी गिल्गमेश नांवाच्या राजाच्या महाकाव्याची अकरावी होती. तींतील वृद्ध उतनपिश्तीम सांगतो कीं, देवांनीं पूर आणण्याचें गुप्तपणें ठरविलें. बुद्धिमान् देव एआ यालाही तें फोडावयाचें नव्हतें, कारण शपथ झालेली. तेव्हां त्यानें ती बातमी मनुष्याला न सांगतां त्याच्या झोंपडीच्या कुडाला सांगितली! आपल्याकडे भिंतीला कान असतात म्हणतात, ते येथें एका देवानेंच कामीं आणिले. मग नाव बांधली, डांबरानें सांधे बुजविले, आप्त, कारागीर व जनावरें आंत घेतलीं. सहा दिवस व सात रात्री तुफान चाललें. नाव डोंगराला लागल्यावर त्यानें प्रथम कबूतर, मग पाकोळी, मग कावळा सोडिला. पहिले दोन परत आले, कावळा आला नाहीं. बायबलांत आधीं कावळा व मागाहून कबूतर आहे, एवढाच फरक.

लंडनांत दोन्ही पक्षांना हर्ष झाला. श्रद्धाळू म्हणाले, पूर आला होता याला परकी साक्ष मिळाली. अश्रद्ध म्हणाले, पवित्र ग्रंथांतील कथा उसनी ठरली. मला वाटतें, दोघांनींही पाटी पुरती वाचली नव्हती. उतनपिश्तीम डोंगरावर बलि अर्पण करतो, तेव्हां भुकेले देव त्या वासावर माश्यांसारखे जमा होतात. मनुष्येंच बुडविल्यावर त्यांना नैवेद्य दाखविणार कोण? उत्पत्तीच्या पुस्तकांत नोहाही यज्ञ करतो, आणि परमेश्वराला त्याचा सुवास येतो. वास तेवढा राहिला. भूक आणि माश्या गेल्या. जुन्या कथेचा एवढाच धागा इब्री लेखकानें हातांत ठेविला, आणि त्यावरून त्यानें काय टाकलें तें आपणांला कळतें.

पुराचें कारण पाहिलें तर फरक अधिकच उठून दिसतो. याच कथेची आणखी जुनी प्रत इ. स. पूर्वीं सतराव्या शतकांतील एका बाबिलोनी काव्यांत आहे. त्याचा नायक अत्रहसिस. तेथें मनुष्यें फार वाढलीं, त्यांच्या गलबल्यानें एन्लिल देवाची झोंप मोडली, म्हणून पूर! इब्री कथेंत गलबला नाहीं. पृथ्वी हिंसेनें भरली म्हणून पूर आहे. एका कथेंत देवाची गैरसोय, दुसरींत मनुष्याची जबाबदारी. तरीही बाबिलोनी लोकांना नीति ठाऊक नव्हती असें म्हणणें अन्यायाचें होईल. पूर ओसरल्यावर एआ एन्लिलला खडसावतो कीं, पाप्याला त्याच्या पापाचें शासन कर, सरसकट सर्वांना कां बुडविलेंस? हा प्रश्न नोहाच्या कथेंत कोणीच विचारीत नाहीं, आणि मला स्वतःला ती उणीव जाणवते.

जुन्या मुंबईच्या घरांत चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांची फरसबंदी आपण पाहिली असेल. मुलांनाही घरीं जमण्याजोगें हें काम आहे. तुकडे जुने, नक्षी नवी. या कलेचे अतिप्राचीन नमुनेही त्याच देशांतले आहेत: उरुक येथें पांच हजार वर्षांपूर्वीं तांबड्या, काळ्या व पांढऱ्या टोकांचे मातीचे शंकू ओल्या गिलाव्यांत खोंचून भिंतीवर नक्षी काढीत. नोहाची कथाही या जातीची आहे. एके ठिकाणीं प्रत्येक प्राण्याची एक जोडी घ्यावयाची, तर दुसरीकडे शुद्ध प्राण्यांच्या सात. एकीकडे पाऊस ४० दिवस, दुसरीकडे पाणी १५० दिवस चढलेलें. देवाचें नांवही पालटत जातें. उत्पत्तीच्या पुस्तकांत दोन वृत्तांत एकमेकांत बसविलेले असावेत हें फ्रेंच वैद्य आस्त्र्यूक यानें १७५३ सालींच ताडलें होतें.

आपल्याकडील शतपथ ब्राह्मणांत मनु आणि मत्स्य यांची कथा आहे. मनूची नाव माशाच्या शिंगाला बांधून उत्तरेच्या पर्वताला लागते. पण तींत प्राण्यांच्या जोड्या नाहींत, पक्षीही नाहींत. तिचें पश्चिमेकडील कथांशीं नातें जोडावें कीं नाहीं, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं.

खरा पूर कोणता, हेंही शोधून झालें. उर येथें लिओनार्ड वूली यानें १९२९ च्या सुमारास स्वच्छ गाळाचा जाड थर उघडा केला, आणि नोहाचा पूर सांपडला अशी हूल उठली. पुढें किश व शुरुप्पक येथेंही थर निघाले, परंतु ते निरनिराळ्या काळांतील ठरले. त्या सपाट प्रदेशांत नद्या वारंवार पात्र सोडीत. सर्वस्व बुडालेल्या गांवकऱ्याला तो जगाचाच अंत वाटला असणार.

स्मिथच्या शोधानंतर लंडनच्या 'डेली टेलिग्राफ' पत्रानें कथेचा उरलेला भाग शोधण्यासाठीं त्याला १,००० गिनी देऊन निनवेस पाठविलें. १८७३ च्या मे महिन्यांत ढिगाऱ्यांत त्याला पुराचा मजकूर असलेला एक तुकडा मिळालाही, आणि पत्रानें काम फत्ते झालें असें मानलें. १८७६ सालीं तिसऱ्या मोहिमेवरून परततांना अलेप्पो येथें अतिसारानें त्याचा अंत झाला. वय अवघें ३६. तो तुकडा गिल्गमेशच्या काव्याचा नसून अत्रहसिसच्या अधिक जुन्या कथेचा होता, हें विद्वानांना पुष्कळ मागाहून समजलें.