वाळा, शोला आणि गार्डन रीचचे ऊन

गार्डन रीच म्हटले की कोलकात्यातील मराठी माणसाला प्रथम आठवते ती रेल्वे. १९५५ साली स्थापन झालेल्या दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय येथे आहे, आणि तिच्या पूर्वजाचे, म्हणजे बंगाल नागपूर रेल्वेचे मुख्यालयही येथेच होते. इतिहासाची आवड असणाऱ्यास अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह आठवतील. ते १८५६ साली कलकत्त्यास आले आणि येथील मटियाबुर्जात त्यांनी दुसरे लखनौ वसविले. १८८७ साली ते वारले, आणि बंगाल नागपूर रेल्वे कंपनीची स्थापनाही त्याच वर्षीची. परंतु या नदीकाठाशी आणखी एका इतिहासाचे धागे जुळतात, आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. उन्हाने होरपळलेल्या अंगाला थंडावा देण्याच्या उपायांचा तो इतिहास होय.

त्याचा आरंभ आम्ही सर विल्यम जोन्स यांच्यापासून करतो. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून ते १७८३ साली येथे आले. पुढच्याच वर्षी त्यांनी एशियाटिक सोसायटी स्थापन केली. त्यांचे घर गार्डन रीचला, हुगळीच्या काठी होते. १७८९ साली त्यांनी कालिदासाच्या 'शाकुंतला'चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि युरोपास त्या नाटकाची ओळख झाली. या नाटकाच्या तिसऱ्या अंकाच्या आरंभी प्रियंवदा वाळ्याचा लेप आणि देठांसह कमळाची पाने घेऊन चालली आहे. कोणासाठी, असे आश्रमातील शिष्य विचारतो. शकुंतलेला ऊन बाधले आहे, तिच्या अंगाचा दाह शमविण्यासाठी, असे उत्तर मिळते. खरे कारण ऊन नव्हे, दुष्यंत होय, हे वाचकांस सांगावयास नको. पण इतिहासाच्या दृष्टीने मोलाची आहे ती ही सबबच. शिष्याला ती तत्काळ पटते. म्हणजे उन्हाने अंग पोळले तर वाळा लावावा, ही गोष्ट कवीच्या काळी इतकी नित्याची होती की तिच्यावर कोणी शंका घेतली नसती. जी सबब चारचौघांच्या अनुभवातली असते तीच चालते.

वाळ्यास संस्कृतात 'उशीर' म्हणतात. विलंबाच्या उशिराशी त्याचा संबंध नाही. वाळ्याच्या जोडीला चंदन असे. चरकसंहितेत दाहावर शंभर वेळा, हजार वेळा पाण्याने धुतलेले तूपही सांगितले आहे. इतके धुतल्यावर तूप तूप राहत नाही. पाणी धरून ठेवणारे ते पांढरे, मऊ मलम होते आणि म्हणूनच गार लागते. आपल्याकडे सहाणेवर उगाळलेले चंदन, कोरफडीचा गर, ताकाची पट्टी आणि तळपायास तूप लावून काशाच्या वाटीने घासणे हे उपाय घरोघर चालत आले. कोरफडीस बंगाली माणूस घृतकुमारी म्हणतो. आपले कैरीचे पन्हे त्याच्याकडे 'आमपोडार शरबत' होते, आपले ताक त्याचे 'घोल' आणि आपले शहाळे त्याचे 'डाब'. नावे बदलतात, युक्ती एकच: अंगावर ओलावा टिकवावा आणि गेलेले पाणी पोटातून भरून काढावे.

मात्र एका बाबतीत दोन्ही प्रांतांचे ऊन वेगळे आहे, आणि नागपूरहून येथे बदलून आलेल्या गृहस्थास ते पहिल्याच वैशाखात कळते. नागपूरची हवा कोरडी. तेथे वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडले की ते वाऱ्याबरोबर झपाट्याने उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. गार्डन रीचच्या दमट हवेत पाणी उडावयास जागाच नसते. येथे तोच पडदा नुसता ओला राहतो. इंग्रजांनाही हा अनुभव आला. वाळ्याच्या ताट्या त्यांना उत्तर हिंदुस्थानच्या कोरड्या पश्चिम वाऱ्यात जितक्या उपयोगी पडल्या, तितक्या बंगालात पडल्या नाहीत.

बंगालच्या उन्हावर मग त्यांनी समुद्रापलीकडून उतारा आणला. १८३३ साली 'टस्कनी' नावाचे जहाज अमेरिकेतील बोस्टनहून सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले. चार महिन्यांनी ते हुगळीतून वर आले, तेव्हा त्यांपैकी सुमारे १०० टन शिल्लक होता. न्यू इंग्लंडच्या तळ्यांवरील बर्फ अशा रीतीने गार्डन रीचच्या बागबंगल्यांसमोरून कलकत्त्यास गेला. श्रीमंतांची पेये त्याने गार झाली. पोळलेल्या कातडीला मात्र बर्फ लावू नये, साधे गार पाणीच बरे, असे आजचे वैद्यक सांगते.

दुसरा उतारा बंगालच्या दलदलीतच वाढत होता. शोला ही पाणथळीतली वनस्पती. तिचा गाभा पांढरा आणि कमालीचा हलका. त्यापासून केलेली टोपी साहेबाच्या डोक्यावर बसली आणि पुढे ती राज्यकर्त्यांची खूणच झाली. टोपी उपयुक्त होती यात संशय नाही; तिच्याभोवती जो सिद्धान्त उभा राहिला तो मात्र तपासण्यासारखा आहे. १८२० साली एव्हरार्ड होम या इंग्रज शल्यवैद्याने आपले हात उन्हात धरून पाहिले. काळ्या कापडाखालचा हात अधिक तापला, पण भाजला उघडा हात. म्हणजे भाजणे हे केवळ उष्णतेचे काम नव्हे. १८०१ साली रिटर याने शोधलेले अतिनील किरण ते काम करतात, हे १८८९ साली स्वीडनच्या विडमार्क याने दाखविले. येथवर शास्त्र सरळ चालले. पण १९०५ साली वुडरफ या अमेरिकी लष्करी डॉक्टराने उष्ण देशांतील प्रकाश गोऱ्यांच्या मज्जासंस्थेचाच नाश करतो असे ग्रंथ लिहून प्रतिपादिले. त्यापायी फिलिपाईन्समधील शिपायांना नारिंगी-तांबडी अंतर्वस्त्रे घालून प्रयोग झाला. १९१० साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: फायदा काही नाही, उकाडा मात्र अधिक.

हे वाचून हसू येते. पण या सिद्धान्ताची दुसरी बाजू हसण्यासारखी नाही. गोऱ्या कातडीला ऊन घातक, तर सावळीला ते बाधतच नाही, असे ओघानेच गृहीत धरले गेले. सावळ्या कातडीस निसर्गाने काही संरक्षण दिले आहे हे खरे. पण ते अपुरे आहे. ती कातडीही भाजते, आणि उष्माघात तर रंग पाहतच नाही. १८९२ साली खिदिरपूरची गोदी सुरू झाली. तिच्यात ओझी वाहणारा हमाल, हुगळीतला नावाडी आणि नागपूरच्या लोहमार्गावर भर दुपारी खडी ठोकणारा गँगमन यांच्यासाठी असा सिद्धान्त कोणी रचला नाही. त्यांच्या वाट्याला डोक्यावरचा गमछा किंवा मुंडासे आले, आणि संध्याकाळी घरी कोणी लावले तर कोरफडीचा गर.

म्हणून घरगुती उपायांचा हा इतिहास आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. गार पाणी, ताक, कोरफड यांनी आग शमते. किरणांनी आत केलेली इजा त्यांनी पुसली जात नाही. काही उपाय तर उलटतात: लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास कातडी अधिकच भाजते. भाजण्यापूर्वीचा उपाय सावली आणि अंगभर सुती वस्त्र हाच. पण या उपायांनी एक गोष्ट कधी केली नाही. रुग्णाचा वर्ण वा हुद्दा त्यांनी विचारला नाही. प्रियंवदेच्या हातातला लेप राजाच्या प्रेयसीसाठी होता, तोच वाळा आज आपल्या माठात पडतो.

शोलाच्या टोपीचा दरारा दुसऱ्या महायुद्धाबरोबर ओसरला आणि साहेबाबरोबर ती गेली. शोला मात्र येथेच राहिला. बंगाली नवरदेवाच्या डोक्यावरचा पांढराशुभ्र 'टोपर' त्याचाच करतात.