कल्याणची गाडी, परळचे कॉलेज: पशुवैद्यक शिक्षणाच्या चार उंबरठ्यांचा इतिहास

१/
सन १८८६. मार्चच्या ११ तारखेला कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने एम.डी. पदवी दिली. हा प्रसंग शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. त्याच वर्षी २ ऑगस्टला परळ येथे वैद्यकाचे आणखी एक दार उघडले. त्याची आठवण मात्र क्वचितच निघते.

२/
ते दार मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे. आनंदीबाईंना शिकण्यासाठी सातासमुद्रापार जावे लागले. परळ तर कल्याणहून आगगाडीने गाठता येण्यासारखे होते. ठाण्यापर्यंत रेल्वे १८५३ साली आणि कल्याणपर्यंत १८५४ साली पोहोचली होती. तरीही या जवळच्या दाराला एकामागून एक उंबरठे होते. हा त्या उंबरठ्यांचा इतिहास.

३/
मुळात हे कॉलेज हवे कशाला होते? एकोणिसाव्या शतकातील मुंबई जनावरांच्या बळावर चालणारी होती. १८७४ साली सुरू झालेली ट्राम घोडे ओढत. माल बैलगाड्यांतून जाई, दूध शहरातल्याच गोठ्यांतून येई. या जनावरांना लागणारे गवत ठाणे, कल्याण, भिवंडी या पट्ट्यातून मुंबईकडे जाई. शहराचे आणि जिल्ह्याचे नाते असे चाऱ्याने बांधलेले होते.

४/
जनावरांची चिकित्सा भारताला नवी नव्हती. शालिहोत्राच्या नावाने ओळखले जाणारे अश्वशास्त्र प्राचीन आहे. घोड्यांचा इलाज करणाऱ्यास ‘सलोत्री’ म्हणत, तो शब्द त्याच नावावरून आला. गावोगावी डाग देणारे, झाडपाल्याची औषधे करणारे जाणकारही होते. पण एका रोगापुढे या सर्वांचे हात टेकत. तो रोग म्हणजे बुळकांडी.

५/
बुळकांडी आली की गावातले गोठे रिकामे होत. बैल गेला की नांगर थांबे, आणि नांगर थांबला की सावकाराचे दार. सारा बुडू लागल्यावर सरकारलाही जाग आली. लष्करी पशुवैद्य हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १८७१ साली आपला अहवाल दिला. जनावरांचे आजार हा आता राज्यकारभाराचा प्रश्न झाला होता.

६/
याआधी १८६२ साली पुण्यात पशुवैद्यकाची शाळा निघाली होती, पण ती लष्करासाठी. नागरी शिक्षणासाठी १८८२ साली लाहोरला शाळा उघडली. मुंबईत १८३४ पासून पांजरपोळ होती. तेथे जनावरांना आसरा मिळे. १८७४ साली प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था स्थापन झाली. उणीव होती ती रुग्णालयाची आणि शिकवणाऱ्याची.

७/
रुग्णालय उभे राहिले गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून. पत्नीच्या नावाने ते ‘बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय’ झाले आणि परळमध्ये ते आजही चालू आहे. शिकवण्यासाठी लाभले जॉन हेन्री स्टील. १८८५ साली ब्रह्मदेशात लष्करी खेचरांचा ‘सर्रा’ हा रोग अभ्यासून त्यांनी रक्तातील परजीवीचे वर्णन केले होते. त्या जीवाला त्यांनी ग्रिफिथ इव्हान्स यांचे नाव दिले. इव्हान्स यांनी तो पाच वर्षे आधी शोधला होता, पण वरिष्ठांनी त्यांचे ऐकले नव्हते.

८/
रुग्णालयाच्याच आवारात कॉलेज भरू लागले. वर्गात ऐकायचे आणि बाहेर येऊन लंगडणाऱ्या घोड्याच्या खुराला हात लावायचा, अशी ही विद्या. पहिले प्राचार्य असलेले स्टील १८९१ साली मुंबईतच वारले. वय अवघे पस्तीसच्या आसपास. कॉलेज मात्र टिकले.

९/
पहिला उंबरठा: मृत जनावर. शरीररचना शिकायची तर मेलेले जनावर फाडावेच लागते. आणि मेलेले ढोर ओढणे, सोलणे हे काम जातिव्यवस्थेने ठरावीक जातींवर लादून त्यासाठीच त्यांना अस्पृश्य ठरवले होते. परळच्या विच्छेदनगृहात जो उभा राहील त्याला, मग तो कोणत्याही घरचा असो, तीच सुरी हातात धरावी लागणार होती.

१०/
यातला विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. तेच काम कॉलेजात केले की विद्या आणि गावकुसाबाहेर केले की विटाळ! परळच्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत अनेक वर्षे राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडला मेलेल्या ढोरांशी जखडलेल्या जिण्यातून बाहेर पडण्याचे आवाहन केले, तेव्हा हे कॉलेज चाळिशी ओलांडून गेले होते.

११/
दुसरा उंबरठा: दर्जा. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, माध्यम इंग्रजी, आणि शेवटी हाती पडे तो ‘जी.बी.व्ही.सी.’ हा डिप्लोमा. पशुवैद्यक खात्याच्या वरच्या, म्हणजे ‘इंपीरियल’ जागा ब्रिटनमध्ये शिकलेल्यांकडे असत. परळहून उत्तीर्ण झालेला तरुण साहाय्यक म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात रुजू होई आणि बहुधा खालच्या पायऱ्यांवरच राही.

१२/
विद्यापीठाची पदवी मिळवायला तर पिढ्या गेल्या. मद्रासच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पदवीचा अभ्यासक्रम १९३०च्या दशकात सुरू झाला. मुंबईत तो १९४०च्या दशकात आला. म्हणजे स्थापनेनंतर अर्धशतकाहून अधिक काळ परळचा विद्यार्थी पदवीधर म्हणवून घेऊ शकत नव्हता. माणसांच्या डॉक्टरपुढे ‘ढोरांचा डॉक्टर’ कमी, हा समज या व्यवस्थेनेही पोसला.

१३/
आणि याच ‘ढोरांच्या डॉक्टरां’नी काय केले? १९५४ साली देशाने बुळकांडी निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला. पशुवैद्य आणि त्यांचे सहकारी लस घेऊन गोठ्यागोठ्यापर्यंत गेले. भारतात या रोगाची शेवटची नोंद १९९५ ची. २००६ साली देश रोगमुक्त जाहीर झाला, २०११ साली सारे जग. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसराच रोग.

१४/
तिसरा उंबरठा: स्त्रिया. या बाबतीत विलायतही पुढे नव्हती. एलीन कस्ट हिने एडिनबरात पशुवैद्यकाचे शिक्षण १९०० साली पुरे केले. पण स्त्री म्हणून तिला अंतिम परीक्षेस बसू दिले नाही. कायदा बदलल्यावर, १९२२ साली, तिला मान्यता मिळाली. शिक्षण आणि शिक्का यांत बावीस वर्षांचे अंतर पडले.

१५/
परळच्या कॉलेजातूनच पशुवैद्यकाची पदवी घेतलेल्या अमृता पटेल १९६५ साली ‘अमूल’मध्ये दाखल झाल्या. १९९८ ते २०१४ या काळात त्यांनी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचे अध्यक्षपद भूषविले. म्हैस आवरणे हे बाईमाणसाचे काम नव्हे, असे म्हणणाऱ्यांना एवढे उत्तर पुरेसे होते. शिवाय खेड्यातल्या गोठ्यात म्हैस बहुधा बाईच आवरत आली आहे.

१६/
चौथा उंबरठा आजचा आहे: प्रवेश. महाराष्ट्रात पदवीची दारे थोडी. परळनंतर नागपूर १९५८, परभणी १९७२, उदगीर १९८७, शिरवळ १९८८. दीर्घकाळ एवढीच पाच सरकारी महाविद्यालये होती. २००० साली नागपूरला पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती एका छत्राखाली आली. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मुलांना घरी राहून शिकायचे तर आजही परळच जवळचे.

१७/
प्रवेश आता ‘नीट’च्या गुणांवर. १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. एकाच परीक्षेतून माणसांचे आणि जनावरांचे डॉक्टर निवडले जात असल्याने यादीत पशुवैद्यक अनेकदा दुसऱ्या पसंतीचे ठरते. ज्याला खरोखर हेच शिकायचे आहे, त्याचीही स्पर्धा ‘एम.बी.बी.एस. थोडक्यात हुकले’ म्हणणाऱ्यांशी होते.

१८/
या स्पर्धेत ठाणे जिल्ह्याचीच दोन टोके समोरासमोर येतात. डोंबिवलीच्या मुलाजवळ शिकवणी वर्ग आणि इंग्रजीचा सराव असतो. पण गाईच्या मागच्या पायाजवळ कसे उभे राहावे, हे त्याला कॉलेजातच कळते. मुरबाड, शहापूरच्या मुलाला ते लहानपणापासून ठाऊक. पण त्या ज्ञानाला प्रवेशपरीक्षेत गुण नाहीत.

१९/
आत गेल्यावर साडेपाच वर्षे, त्यांतले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. माणसांच्या डॉक्टरला एका देहाची रचना शिकायची असते. येथे गाय, घोडा, कुत्रा, डुक्कर, कोंबडी असे अनेक देह. गाईचे पोट चार कप्प्यांचे, घोड्याचे एका. घोडा ओकू शकत नाही, म्हणून त्याची पोटदुखी जिवावर बेतते. रुग्ण तक्रार सांगत नाही आणि लाथ मात्र मारतो.

२०/
दरम्यान रुग्णही जागा बदलत गेले. १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली आणि म्हशी शहराबाहेर जाऊ लागल्या. पुढे शहर वाढले तसे तबेले ठाणे, कल्याण, भिवंडीच्या बाजूला सरकले. ज्या पट्ट्यातून पूर्वी मुंबईच्या जनावरांसाठी गवत जाई, तेथे आता म्हशीच येऊन राहिल्या.

२१/
हे प्रकरण म्हशींपुरते नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला. त्याच वर्षी राज्यभर गाईबैलांत लम्पी त्वचारोग पसरला. जनावरांत उद्भवून माणसांपर्यंत पोहोचू शकणाऱ्या रोगाची पहिली चाहूल लागते ती पशुवैद्यालाच. तो गावात असेल तर.

२२/
आनंदीबाई पदवी घेऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. शिकलेली विद्या वापरण्यास त्यांना अवधी मिळाला नाही. परळच्या दाराला तो अवधी मिळाला. शिवाशिव, दर्जा, स्त्रीत्व हे त्याचे उंबरठे झिजत गेले, तेही आत शिरणाऱ्यांच्या पावलांनीच.

२३/
उरला तो चौथा. आज कल्याणहून सकाळच्या गाडीने परळला जाणारी मुलगी १८८६ सालच्या दोन्ही दारांची वारस आहे. ती पदवी घेईल. मग ती शहरात कुत्र्यामांजरांचा दवाखाना थाटेल की मुरबाडच्या गोठ्यात उभी राहील, हे तिच्या एकटीच्या मनावर नाही. गावातल्या गुरांच्या दवाखान्याला समाज काय मान देतो आणि सरकार तेथे किती जागा भरते, यावर ते ठरेल.