दिनविशेष : 24 मार्च – रात्रभर भरलेला वर्ग

24 मार्च 1965 रोजी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी व्हिएतनाम युद्धावर रात्रभर चर्चावर्ग भरवला. बॉम्बच्या धमकीने सभागृह रिकामे करावे लागले, तरी चर्चा थांबली नाही. राजकारणाने शिक्षण बुडते, हा आक्षेप जुनाच. पण इथे तास बंद ठेवण्याचा आधीचा बेत सोडूनच रात्र निवडली होती. शिक्षण बुडते ते दडपशाहीने. 1938मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्यांना काढून टाकले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने दारे उघडली म्हणून अनेकांचे शिक्षण वाचले. अशी खुली चर्चा आपल्याकडेही हवी. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या उपोषणाने 2023मध्ये मराठा आरक्षणाचा प्रश्न राज्यभर पेटला. त्यातील आकडेवारी, न्यायनिवाडे आणि सर्व बाजू अंबडच्या महाविद्यालयांत मोकळेपणाने मांडल्या जाव्यात. चळवळीला जाणती माणसे तिथूनच मिळतील.