नक्कल, संहिता आणि नट : रशियन अभिनयशिक्षणाच्या इतिहासातील एक प्रश्न

स्तानिस्लाव्हस्कीचा ‘ॲन ॲक्टर प्रिपेअर्स’ हा ग्रंथ १९३६ साली न्यूयॉर्कहून इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याचे रूप कादंबरीवजा दैनंदिनीचे आहे. कोस्त्या नावाचा एक नवशिका विद्यार्थी नाट्यशाळेत दाखल होतो, तोर्त्सोव्ह नावाचे गुरू त्याच्या चुका दाखवीत जातात, आणि विद्यार्थी दररोजचा पाठ टिपून ठेवतो. के. नारायण काळे यांनी ‘अभिनय साधना’ या नावाने हा ग्रंथ मराठीत आणला. आपल्याकडील अभिनयविषयक चर्चेत ‘भावनास्मृती’, ‘एकाग्रता’, ‘उद्दिष्ट’ अशा संज्ञा रुळल्या त्यात या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. परंतु दैनंदिनीच्या या रूपानेच एक गैरसमजही रूढ केला. ही पद्धती कोऱ्या पाटीच्या विद्यार्थ्यासाठी रचलेली आहे, असे वाचकाला वाटत राहते. इतिहास मात्र नेमका उलट आहे. या पद्धतीचा पहिला विद्यार्थी त्रेचाळीस वर्षे वयाचा, कीर्तीच्या शिखरावर असलेला नट होता, म्हणजे खुद्द स्तानिस्लाव्हस्की. आणि त्यानंतरचे विद्यार्थी मॉस्को आर्ट थिएटरमधील वेतनधारी, अनुभवी नट होते. कलावंताचे शिक्षण येथे त्याच्या सवयी मोडण्यापासून सुरू होते. या सवयींमध्ये सर्वांत चिवट सवय शब्दांची होती, हे ध्यानात घेतल्याखेरीज या इतिहासाचा उलगडा होत नाही.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जून १८९७ मध्ये स्तानिस्लाव्हस्की आणि नेमिरोविच-दान्चेन्को यांची मॉस्कोच्या ‘स्लाव्ह्यान्स्की बाझार’ या उपाहारगृहात सुमारे अठरा तास बैठक झाली आणि नव्या रंगभूमीचा आराखडा ठरला. त्या बैठकीत अधिकारांची जी वाटणी झाली ती वाङ्मयाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावी अशी आहे. वाङ्मयीन बाबतींत अखेरचा शब्द नेमिरोविचचा, प्रयोगाच्या बाबतींत स्तानिस्लाव्हस्कीचा. नेमिरोविच स्वतः नाटककार होता. चेखोव्हचे ‘सीगल’ करावयास सहकाऱ्याला त्यानेच राजी केले, आणि डिसेंबर १८९८ मधील त्या प्रयोगाने संस्थेला स्वतःची ओळख मिळाली. संहिता एकाची आणि रंगमंच दुसऱ्याचा, ही सीमारेषा कागदावर स्वच्छ दिसते. नटाने कोणत्या बाजूला उभे राहावयाचे, हे मात्र तिच्यात कोठेच सांगितलेले नव्हते.

१९०६ साली जर्मनीचा दौरा आटोपून स्तानिस्लाव्हस्की विश्रांतीसाठी फिनलंडला गेला. इब्सेनच्या डॉ. स्टॉकमनची भूमिका तो कित्येक वर्षे करीत होता. आता त्याला आढळले, की भूमिकेचे सगळे बाह्य तपशील जागच्या जागी आहेत. हातवारे, चाल, आवाजाचे चढउतार यांपैकी काहीही हरवलेले नाही. हरवली आहे ती त्यांना जन्म देणारी आतली हालचाल. अशा यांत्रिक अवशेषांना रशियन नाट्यव्यवहारात ‘श्ताम्प’ म्हणतात, म्हणजे शिक्का. एकदा कोरला की तो कोणत्याही कागदावर उमटवता येतो. श्ताम्प ही केवळ वाईट नटाची व्याधी नव्हे. तो यशाचा अवशेष असतो, आणि म्हणून यशस्वी नटाला अधिक जडतो.

उपाय शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न तुर्गेनेव्हच्या ‘अ मंथ इन द कंट्री’ या नाटकाच्या तालमींत १९०९ साली झाला. नटांनी हालचाल जवळजवळ सोडून द्यावी, बसल्या जागी आतल्या प्रवाहाकडे लक्ष द्यावे, असा आग्रह होता. ओल्गा क्निपरसारख्या मुरलेल्या अभिनेत्रीला या तालमी अतिशय जड गेल्या. १९११ साली नेमिरोविचने या पद्धतीला संस्थेच्या कामात अधिकृत स्थान दिले, तरी ज्येष्ठ नटांचा संशय संपला नाही. परिणामी १९१२ साली ‘पहिला स्टुडिओ’ निघाला. त्याची जबाबदारी सुलेर्झित्स्कीकडे आली, आणि वाख्तांगोव्ह, मिखाईल चेखोव्ह, बोलेस्लाव्हस्की ही तरुण मंडळी तेथे घडली. यांतील बोलेस्लाव्हस्की पुढे अमेरिकेत गेला आणि स्टुडिओत त्या काळी जे शिकविले जात होते तेच तेथे शिकवू लागला. त्या काळात भर होता भावनास्मृतीवर. अमेरिकेत ‘पद्धती’ म्हणून जे गाजले त्याचे एक मूळ येथे आहे. १९३४ मध्ये स्टेला ॲडलर पॅरिसला स्तानिस्लाव्हस्कीला भेटली, तेव्हा तो त्या टप्प्यावरून केव्हाच पुढे गेलेला होता. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये साठच्या दशकात रोशन तनेजा यांनी अभिनयाचा अभ्यासक्रम उभा केला तोही सॅनफर्ड माइझनर यांच्याकडील शिक्षणाच्या बळावर, म्हणजे अमेरिकन शाखेतूनच. मूळ खोड त्या वेळी कोठे पोचले होते, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला गेला नाही.

ते कोठे पोचले होते हे तोपोर्कोव्हच्या तालीमवृत्तान्तावरून कळते. वासिली तोपोर्कोव्ह १९२७ साली मॉस्को आर्ट थिएटरमध्ये आला तेव्हा तो नामांकित नट होता. कोर्श यांच्या ज्या खाजगी रंगभूमीवर तो आधी काम करी, तेथे नवी नाटके झपाट्याने बसविली जात. अशा ठिकाणी पाठांतर ही नटाची पहिली भांडवली मालमत्ता असते. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांत नटाच्या हाती संपूर्ण नाटक न देता त्याच्यापुरती ‘नक्कल’ देत, आणि नक्कल चोख पाठ असणे हीच लायकीची पहिली खूण मानली जाई. तोपोर्कोव्हची जडणघडण आपल्या वाचकाला त्यावरून सहज कळावी. मोलियेरच्या ‘तार्त्यूफ’वर काम सुरू करताना स्तानिस्लाव्हस्कीने नटांना स्पष्ट सांगितले, की हेतू प्रयोगाचा नाही, शिकण्याचा आहे. तालमींत संवाद पाठ करण्यास मनाई होती. प्रसंगात काय घडते, कोण कोणाकडून काय मिळवू पाहतो, त्यासाठी तो शरीराने नेमके काय करतो, हे आधी स्वतःच्या शब्दांत करून पाहावयाचे. नाटककाराचे शब्द नंतर, आणि तेही गरज भासू लागल्यावर. घाईने पाठ केलेले वाक्य जिभेच्या स्नायूंत जाऊन बसते आणि मग तेथून हलत नाही, ही त्याची भीती होती.

ही संहितेची अवहेलना आहे काय? वरवर पाहता तसे वाटते. १८९७ च्या वाटणीतला वाङ्मयाचा पक्ष येथे पुरता हरला, असेही म्हणता येईल. मला हे मत ग्राह्य वाटत नाही. पाठ केलेला शब्द नटाला आयता मिळतो, म्हणून त्याची किंमत त्याला कळत नाही. स्वतःचे शब्द अपुरे पडू लागतात तेव्हाच मोलियेरची ओळ त्याला गरजेची वस्तू वाटते. ही संहितेकडे जाण्याची लांबची वाट आहे, आणि व्यावसायिक नटासाठी तीच खरी, कारण जवळची वाट त्याने इतक्यांदा तुडविलेली असते की तीवर त्याला काही दिसेनासे झालेले असते.

अनुवादात या विचाराची जी हानी झाली तिचे एकच उदाहरण देतो. रशियनमधील ‘झादाचा’ या शब्दाचा एक अर्थ शाळेतले गणित असा आहे. समोर घातलेला, सोडवावयाचा प्रश्न. एलिझाबेथ हॅपगुड यांच्या इंग्रजी अनुवादात त्याचे ‘ऑब्जेक्टिव्ह’ झाले आणि मराठीत आपण ‘उद्दिष्ट’ म्हणू लागलो. उद्दिष्ट आधीच ठरलेले असते, दूरवर असते. गणित आत्ता, येथे सोडवावे लागते. २००८ साली जीन बेनेडेटी यांनी केलेल्या नव्या अनुवादात ‘टास्क’ हा शब्द आला, तो मूळाच्या पुष्कळ जवळ आहे. त्यातच इंग्रजी ग्रंथ संक्षिप्त होता, आणि शरीर व वाणी यांविषयीचा उत्तरार्ध ‘बिल्डिंग अ कॅरेक्टर’ म्हणून तेरा वर्षांनी, १९४९ मध्ये आला. मधल्या काळात अर्धा ग्रंथच संपूर्ण सिद्धांत म्हणून वाचला गेला. आपल्याकडे त्याची सात्त्विक अभिनयाशी सांगड घालण्याचा मोह होतो, त्याचेही कारण या अर्धेपणात असावे.

स्तानिस्लाव्हस्की ऑगस्ट १९३८ मध्ये वारला. ‘तार्त्यूफ’ त्याच्या मृत्यूनंतर, १९३९ साली केद्रोव्हच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. केद्रोव्ह स्वतः तार्त्यूफ होता, तोपोर्कोव्ह ओर्गोन. या अखेरच्या वर्षांतील कामाचा दुसरा धागा मारिया क्नेबेलने पुढे नेला. नेमिरोविच आणि स्तानिस्लाव्हस्की या दोघांकडेही ती शिकलेली होती. तिच्या ‘कृतिशील विश्लेषणा’त नट आधी प्रसंग वाचतो, मग उठून तो स्वतःच्या शब्दांत करून पाहतो, पुन्हा संहितेकडे येऊन आपण काय गाळले, काय उलटे केले ते तपासतो, आणि पुन्हा उठतो. मेजावरचे वाचन आणि रंगमंचावरची कृती यांत ती वेगवेगळे टप्पे ठेवीत नाही. दिग्दर्शकांच्या आणि नटांच्या कित्येक पिढ्यांना तिने मॉस्कोत याच रीतीने शिकविले.