एकच नाव, दोन उत्तरे

संगणकाच्या इतिहासात यंत्रांच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. आजची कथा नावांच्या तंट्याची आहे.

ती सुरू होते ऑस्लोत. तेथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात क्रिस्टेन न्यूगार्ड आणि ओले-युहान डाल हे सिम्युला ही भाषा रचीत होते. पुलावरच्या टोलनाक्यापाशी खोळंबलेल्या ट्रक-बसगाड्यांची रांग हे त्यांच्यापुढील एक उदाहरण. ट्रक निराळा, बस निराळी. पण रांगेत उभे राहणे दोघांनाही सारखेच. तेव्हा समाईक तेवढे 'वाहन' या वर्गात एकदाच लिहावे आणि ट्रक व बस हे त्याचे उपवर्ग करावेत, असा वारसा १९६७च्या सिम्युलात आला.

आता वारसा म्हटला की तंटा आलाच! वाहनापाशी टोल सांगण्याची एक कृती आहे (प्रोग्रॅमर तिला मेथड म्हणतात) आणि ट्रकनेही त्याच नावाची आपली कृती लिहिली. समोर 'एक वाहन' आहे एवढेच जाणणाऱ्या नाकेदाराने टोल विचारला, तर उत्तर कोणाचे? सिम्युलाचा निवाडा असा : पितृवर्गाने कृती 'व्हर्च्युअल' ठरविली असेल तर समोरच्या ट्रकचे, एरवी विचारणारा त्याला ज्या वर्गाचा समजतो त्या वर्गाचे. केंब्रिजला सिम्युला वापरलेल्या बियार्ने स्त्राउस्ट्रुप यांनी १९८३मध्ये हाच शब्द आपल्या सी प्लस प्लसमध्ये आणला. १९९५च्या जावाने तर सामान्य कृतींना ही मुभा न मागताच दिली.

चलांना मात्र दिली नाही. समजा, वाहनात 'वजन' हा चल ५ आहे आणि ट्रकने पुन्हा 'वजन' घोषित करून १२ ठेवले. जुने वजन पुसले जात नाही, झाकले जाते. एकाच ट्रकच्या पोटात दोन्ही नांदतात; वाहन म्हणून विचारा, ५; ट्रक म्हणून विचारा, १२. वाहनाचीच टोल-आकारणी ट्रककडे वारशाने आली असेल, तर ती ५ टनांचाच हिशेब करील, आणि चूक झाली असे कोणी सांगणारही नाही.

मला हा प्रथम शुद्ध गलथानपणा वाटे. पण पितृवर्गाच्या बाजूने पाहा. त्याचे गणित 'वजन' ही संख्या आहे या भरवशावर आधीच लिहिलेले असते. उपवर्गाने तेथे 'जड' असा शब्द घातला तर ते कोसळेल. नवी कृती जुनीच्या जागी बसवायची तर जावा तिचा साचा जुळवून घेते. चलाला असे बंधन नाही, म्हणून त्याला जुन्याची जागाही नाही. शिवाय पितृवर्गाच्या कर्त्याने उद्या नकळत तुमच्याच नावाचा चल वाढविला, तरी तुमचा चल शाबूत राहतो. एवढे मानूनही, हे झाकणे मुकाट्याने व्हावे हे मला पटत नाही. २०००मध्ये जाहीर झालेल्या सी शार्पमध्ये पितृवर्गातले नाव 'न्यू' हा शब्द न लिहिता पुन्हा घेतले, तर भाषांतरक निदान इशारा तरी देतो.